मंगलचा डबा

फ्रीजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी कालपर्यंत एक छोटा स्टीलचा डबा असायचा. आज फ्रीज उघडला की नजर आधी त्या रिकाम्या जागेकडेच जाते.

डबा मंगलचा. ती आमच्या इमारतीखाली कपडे इस्त्री करते. मूल व्हावं म्हणून तिला इंजेक्शनं सुरू होती; ती थंड ठेवावी लागत आणि तिच्याकडे फ्रीज नाही. रोज संध्याकाळी ती यायची, एक इंजेक्शन काढून पदराखाली धरायची आणि घाईने जिना उतरायची. मी एकटी राहते. माझी बेल तेवढ्यासाठीच वाजायची. ती यायच्या आधी मी उगाच डब्याला हात लावून तो गार आहे ना ते बघायची.

काल ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"नाही राहिलं, काकू. डॉक्टर म्हणतात, पुन्हा करून बघा. पुष्कळांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला राहतं."

"मग?"

"आमच्याकडे पैसे एकदापुरतेच होते."

आशेला पैसे पडत नाहीत असं म्हणणाऱ्याने तिचा तो चेहरा बघायला हवा होता.

डबा न घेताच ती गेली. मी तो धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलाय. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, निदान चमचाभर साखर तरी घालावी, ही आईची शिकवण. सवयीने साखरेत चमचा घातला आणि हात तिथेच थांबला.

साखर तर गोड बातमी आली की वाटतात.