वस्तीवरचा फुकटचा वायरमन

माझा भाचा गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. थोरल्या भावाचा थोरला मुलगा, त्याच्या पाठीवर एक धाकटा. पारनेरकडची आमची वस्ती, तिथं विजेची एकच डीपी आणि तिच्यावर सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी. फ्यूज उडाला की वायरमनला फोन करायचा, हे झालं बोलायला. त्याच्याकडे इतकी गावं की आज बोलावला तर परवा उगवणार. तोवर कांद्याचं पाणी थांबतंय होय? म्हणून दर वस्तीवर एक पोरगा असतोच, 'त्याला लायटीतलं कळतं' म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला. कुणी शिकवलेलं नसतं. एकदा जमलं की कायमचं गळ्यात पडतं.

जेवता जेवता उठून जायचा हा. मी माहेरी गेले की त्यावरून भांडायचे.

"आत्या, दोन मिन्टाचं काम हाय," म्हणायचा आणि हात धुवायचा.

डीपीचं हँडल खाली ओढलं की तिन्ही तारा बंद व्हायला हव्यात. आमच्याकडे त्या स्विचचं एक पातं गंजलेलं, ते अडकायचं आणि एक तार चालूच राहायची. साऱ्या वस्तीला हे ठाऊक होतं. काठीनं ठोकलं की सुटतं, एवढं बोलून सगळे मोकळे. त्या दुपारी ते ठोकूनही सुटलं नाही आणि त्याला वाटलं सुटलं. खाली माणसं उभी होती, आपापली मोटार कधी चालू होते याची वाट बघत.

दहाव्याला घाटावर मांडव आणि माईक. आमच्या भागात दशक्रियेला भाषणं लागतात. एकेक जण उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, सगळ्यांच्या हाकेला धावून जाणारा पोरगा गेला. अरे मेल्यांनो, हाका मारत होतं कोण? मला तो माईक हिसकावून घ्यावासा वाटला. नाही घेतला, पुढं वहिनी बसली होती म्हणून.

पिंड मांडला. कावळे समोरच्या लिंबावर होते, पण एक खाली उतरेना. जिवाची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही म्हणतात, मग घरचेदारचे पुढं होऊन हात जोडून शब्द देतात. तुझ्या भावाला शिकवू. तुझ्या आईबापाला अंतर देणार नाही. तुझी गाडी विकणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत.

मग वहिनी उठली. रडून आवाज बसलेला तिचा.

"एवढंच म्हना," ती म्हणाली, "की आता कुनाच्याबी पोराला डीपीवर चढवनार न्हाई. वायरमन येईल तवा येईल, कांदा वाळला तर वाळू द्या. म्हना."

कुणी म्हणेना. सगळ्यांची पिकं हातातोंडाशी आलेली ना. एक म्हातारबाबा म्हणाले, "पोरी, ही जागा न्हाई आसलं बोलायची." मग कुठली जागा, सांगा की. शेवटी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि उरकलं. शब्द काही कुणी दिला नाही.

घाटावरून घरी येऊन पाणीसुद्धा प्यालो नव्हतो, तर शेजारचे भाऊ अंगणात हजर.

"वहिनी, लाईट आलीय, पन एक फेज न्हाई. धाकट्याला जरा धाडता का? थोरल्यासंगं आसायचा, त्याला समदं ठावं हाय."

सकाळीच डोकं भादरलेलं ते पोरगं उठलंही. हाक आली की उठायचं, हेच बघत वाढलेलं. मी त्याला दंडाला धरून खाली बसवलं. माझा तोल गेला होता.

"तुमचा पोरगा कुठंय?" मी भाऊंना विचारलं.

"घरी हाय की. पन त्याला कसं धाडावं?" भाऊ अगदी सरळ मनानं म्हणाले. "एकुलता एक हाय वो आमचा."

वहिनी दारात उभी होती.

"आता माझाबी एकुलताच हाय," ती म्हणाली.