वाकडा कोपरा

शिवणबाईंचं कौतुक करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. समोरच्याच्या तोंडून "छान" निघायच्या आत त्या अंग चोरून म्हणायच्या, "छे हो, कसलं काय!" आणि लगेच कामातली चूक बोट लावून दाखवायच्या. गर्व हे पाप, हे त्यांच्या मनावर लहानपणीच चर्चमध्ये ठसलं होतं.

रविवारी वेदीवरचं नवं भरतकाम पाहून पाळकसाहेब म्हणाले, "बाई, देवाने काय हात दिलाय तुम्हाला!"

"छे हो, कसलं काय! हा कोपरा बघा, केवढा वाकडा!"

तो कोपरा बाईंच्या सुनेने भरला होता, आयुष्यातला पहिलाच. ती मागेच उभी होती.

"देवाच्या देणगीला नावं ठेवू नये, बाई," पाळकसाहेब हसले. पण सुनेचा उतरलेला चेहरा पाहून बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी झटकून टाकलेलं कौतुक अर्धं तिचं होतं.

दुपारी सून ते कापड घरी आणून कोपरा उसवायला बसली. बाईंनी तिच्या हातून कात्री काढून घेतली.

"राहू दे गं. सुरेख जमलाय. तिथंच सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं मी."

सुनेने अंग चोरलं.

"छे हो आई, कसलं काय!" ती म्हणाली आणि वाकड्या टाक्यावर तिने बोट ठेवलं.