माझा भाऊ, मोहरमचा वाघ

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "गोविंदा गेला." मी तव्यावरची भाकरी उलटली, भाजून घेतली, उतरवली आणि मग गॅस बंद केला. रडू लगेच आलं नाही. शेवटची दोन वर्षं तर त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती, त्यामुळे धक्का वगैरे काही नव्हता. खरं सांगायचं तर मी थकले होते. माझ्या वयाच्या बाईकडे मरणाची बातमीसुद्धा आधी कामासारखी येते... निघायचं, वहिनीला धरायचं, आल्यागेल्याला चहा द्यायचा, स्वतःचं रडणं नंतर बघायचं. ते नंतरचं तेराव्याला आलं, आणि काही आठवडे उलटल्यावर आता मी लिहायला बसले आहे.

गोविंदा या नावानं त्याला ओळखणारे थोडे. जुन्या नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात लहानथोर त्याला वाघच म्हणत. रोजचा दादा म्हणजे किडकिडीत, हातमागावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला, चारचौघांत तोंडातून शब्द न फुटणारा माणूस. पण मोहरमचा चंद्र दिसला की त्याच्या मनगटावर हिरवा धागा यायचा. चप्पल सुटायची, खाट सुटायची, घोंगडीवर झोपणं सुरू व्हायचं. नवव्या दिवशी सकाळी त्याचं अंग भादरून त्यावर पिवळा तेलरंग चढायचा, वर काळे पट्टे. शेपूट तो मागावरच्या उरल्यासुरल्या सुताचं स्वतः वळायचा. मग ताशा वाजायला लागला की आमचा हा मुखदुर्बळ भाऊ इमामबाड्यासमोर अशी झेप घ्यायचा की पोरं आयांच्या पदरात घुसत. मशिदीतल्या शिकल्यासवरल्या लोकांना हे पसंत नव्हतं. हा शोकाचा महिना, नाचायचा नाही, असं ते म्हणत, आणि त्यांचं चूक होतं असं नाही. पण नवस बोलणारे निम्मे आमच्यासारखे हिंदू. त्यांना शोक आणि नवस यातला फरक कोण समजावणार? इमामाचा पंजा घेऊन निघालेली सवारी दारावरून गेली की माय पंजा धरणाऱ्याच्या पायावर घागरभर पाणी ओतायची, मलिद्याचं ताट द्यायची आणि डोळे पुसायची. तिच्यापुरता तो शोकच होता.

नवस मायचाच. दादा लहान असताना त्याचा गोवर आत जिरला. वैद्यानं हात टेकले. मोहरमचाच नववा दिवस होता. माय त्याला खांद्यावर टाकून अनवाणी धावत इमामबाड्यात गेली आणि सवारीपुढे किंचाळली, "पोरगा जगू दे, तुह्या दारात वाघ करून नाचवीन!" तिथली सेवा बघणारे मुजावर रहमानचाचा तेव्हा ऐन तरुण. त्यांनी पोराच्या डोक्यावरून मोरचेल फिरवलं, तोंडाला अंगारा लावला. पोरगा जगला. पण घोळ असा झाला की नवसाला मुदत असते. कोणी पाच वर्षं बोलतं, कोणी सात, कोणी लग्न होईतो. माय घाबरीघुबरी, ती मुदत बोलायची विसरली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून तिच्या जिवाला तो घोर लागला. भरल्या घरात, कांड्या भरता भरता मध्येच हात थांबवून म्हणायची, "मुदत बोलायची राह्यली वं, सुमे. पोराले जन्माचं वाघ करून ठेवलं मी."

माझं लग्न धरमपेठेत झालं. आमच्यातलंच, पण शिकलेलं, नोकरदार, बारा माणसांचं घर. लग्नात विहिणीच्या मानाच्या लुगड्यावरून काहीतरी बिनसलं आणि सासूबाईंनी माझं माहेर बंद केलं. भांडून नाही. नुसतं दरवेळी काहीतरी निघायचं. राखीला त्यांचं अंग दुखायचं, दिवाळीला पाहुणे यायचे, संक्रांतीला माझीच पाळी यायची. सायकलरिक्षाच्या अंतरावर माहेर आणि तिथं पोचायची सोय नाही... तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पहाटे उठून बंब पेटवायचा तो सगळ्यांची अंथरुणं घालेपर्यंत बसणं म्हणून नाही. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. माय आजारी पडली तेव्हा मला दोनदाच जाता आलं. दुसऱ्यांदा गेले ती मातीलाच.

मायच्या पाठोपाठ आलेलं मोहरम भर उन्हाळ्यात होतं. त्याआधी चंद्र दिसायच्या सुमाराला दादा धरमपेठेत आला. आजवर तो त्या घराच्या ओसरीवर कधी टेकला नव्हता. त्या दिवशी सासूबाईंच्या समोर उभा राहिला, मान खाली घालून, पण अडखळला नाही. "मायनं नवस बोलला होता. इतके साल रंग तिनं उतरवला. आता ती नाही, तं तिच्या लेकीच्याच हातानं उतरला पायजे, असं मुजावरसाहेब म्हणते. नाही तं कोप होते."

सासूबाई माणसाला भीत नव्हत्या, नवसाला भीत. थोडा वेळ पानाच्या डब्याशी चाळा करून म्हणाल्या, "कोणत्याही देवाचं असो, नवसाचं काम अडवू नये बाई. पण संध्याकाळच्या आत परत यायचं."

तेव्हापासून दरवर्षी, दहावा दिवस सरून ताजिये तलावावर थंड झाले, म्हणजे त्यांचं विसर्जन झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी. गेले म्हणजे काही पुरणपोळी खायला नाही. अंगणातल्या दगडावर दादा बसलेला असायचा. डोळे तारवटलेले, रंग अंगावर चढल्यापासून पाठ टेकवलेली नाही, घामानं पट्टे ओघळून वाघाचा पार बोका झालेला. मी पदर खोचून सुताच्या गुंत्यावर घासलेट घ्यायची आणि घासायला लागायची. घासलेटानं रंग सुटायचा, खोबरेलानं आग थांबायची, मग डाळीच्या पिठानं तेल काढायचं. पुन्हा कानामागं, बोटांच्या बेचक्यात, पापण्यांवर. दुपार होऊन जायची. माझे खांदे भरून यायचे, त्याच्या अंगावर लाल चट्टे उठायचे, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. सासूबाई काय बोलल्या, नणंदेनं काय केलं, माझ्या थोरल्याला खोकला कसा झाला. दादा हूं हूं करायचा. "घास वं सुमे जोरानं. वाघ हाय मी, कातडं निघन म्हणून भेऊ नको."

मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं. उन्हाळ्यातलं ते सरकत सरकत होळीवर आलं, मग थेट जानेवारीत. नागपूरची जानेवारीतली थंडी ज्यानं सोसली त्यालाच माहीत. नुसत्या रंगावर उघड्यानं दोन दिवस नाचून दादाला कफ धरला तो तिथं. तोवर हातमाग बसला होता. सदर भागातल्या एका कापडदुकानात तो गजानं कापड मोजायचा. शेठ सुट्टीला कुरकुरायचा, आणि कुठं कुठं राहिलेला पिवळा रंग बघून गिऱ्हाइकं हसायची. त्या वर्षी त्याला खोकताना पाहून मी घासणं थांबवलं.

"चाचाले विचारून पाय ना, दादा. एवढ्या लोकायचे नवस सुटते, तुहाच काहून सुटत नाही?"

"विचारलं वं. मायनं मुदत नाही बोलली, तं चाचा तरी काय करन?"

"मी जाऊन विचारू?"

तो एकदम ओरडला, "तू नको जाऊ तिकडं! तुले उशीर होईन." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पाठ राह्यली, पाठ घास."

मला मायचा राग यायचा, इमामबाड्याचा यायचा, आणि असल्या थंडीत अंगाला घासलेट चोळून घेणाऱ्या भावाचा तर फारच यायचा. दर वर्षी परतताना मी मनात म्हणायची, देवा, सोडव याला. कधीतरी तो खोकून खोकून मरेल आणि लोक म्हणतील नवस फळला.

सासूबाई गेल्या. त्या वर्षी दिवाळीला मी कोणालाही न विचारता माहेरी गेले. नवऱ्यानंच रिक्षा बोलावली. दादा दारात उभा होता. मला बघून नुसता हसला. त्यानंतरच्या मोहरमला त्यानं हिरवा धागा बांधलाच नाही. "चाचानं सोडलं," एवढंच म्हणाला. मी इमामबाड्याच्या दिशेनं हात जोडले. वाटलं, मायचा जीव सुटला असेल एकदाचा. मग मी सणासुदीला जात राहिले, तो खोकत राहिला. नवस गेला तरी छातीतला घरघराट काही गेला नाही.

तेराव्याला रहमानचाचा आले. आता पार म्हातारे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. ओसरीवर बसले, वहिनीला दोन शब्द बोलले. मी पाणी दिलं आणि न राहवून म्हणाले, "चाचा, तुमी त्याले थोडं आधी सोडलं असतं तं... दम्यानं नसता गेला तो." मला त्यांच्याशी भांडायचंच होतं. इतक्या वर्षांचं साचलं होतं.

चाचांनी पेला खाली ठेवला. "बेटी, तुमची माय गेली त्याच साली, चंद्राच्या आधी, मी त्याले मोकळं केलं होतं. मलिद्यावर फातेहा देल्ली. बोल्लो, माँ का वादा माँ के साथ गया. जा बेटा."

"मंग वाघ काहून होत राह्यला?"

"मी बी हेच विचारलं. बोल्ला, चाचा, कोनाले सांगू नका. रंग नाही लागला तं सुमीले घरी कोन पाठवते?" चाचांनी नातवाचा हात धरला. "मी म्हटलं त्याले, हा गम का महिना हाय, यात खोटं नको बोलू. तं बोल्ला, खोटं तिच्या सासूसंग बोलतो, इमामसंग नाही. मी काय बोलू? बहिणीनंच रंग उतरवावा, असा कायदा ना आमच्यात हाय ना तुमच्यात. तो त्याचाच."

मला आधी रागच आला, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. सदरच्या शेठची बोलणी, जानेवारीतली थंडी, कातडी सोलवटून घेणं, आणि ते कशासाठी? वर्षातून एक दिवस मी अंगणात बसून नणंदेच्या कागाळ्या सांगाव्या म्हणून? चार शब्द मला सांगितले असते तर मीच सासूबाईंशी भांडले असते. असते का? कोण जाणे. त्याला माहीत होतं की मी भांडणार नाही. आमच्या घरात भांडणं कोणाला येतच नव्हतं. मायला मुदत मागता आली नाही, मला माहेर मागता आलं नाही. दादानं मागितलं ते असं, अंग रंगवून. चाचा गेल्यावर मी खांबाला टेकून बसले आणि पहिल्यांदा पोटभर रडले.

वहिनी शेजारी येऊन बसली. ती मुळातच कमी बोलणारी. चाचांचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. म्हणाली, "हे काही मले माईत नव्हतं, वन्सं. पण एक माईत हाय. तुमचं घासणं झालं की तुमी हातपाय धुऊन माजघरात पडत होत्या, मेल्यासारख्या झोपत होत्या दिवस कलेपर्यंत. तवा हे उंबरठ्यावर जाऊन बसत. अंगाची आग होऊन राहिली असे, तरी तिथंच. कोनी आलं का बोट तोंडावर. आमच्या पोरीयले सुद्धा आत येऊ देत नव्हते. म्हणत, तिले उठवू नका, तिकडं तिले झोप भेटत नाही."

हे मला कधी कळणारच नव्हतं, कारण मी झोपलेली असायची. मला वाटायचं, दमल्यावर डोळा लागतो तसा लागतो. बारा माणसांच्या घरात वर्षभर न मिळालेली झोप त्या एका दुपारी कोण राखत होतं, हे मी कधी उठून पाहिलंच नाही. दिवस कलला की वहिनी हलवायची, रिक्षा दारात असायची, मी डोळे चोळत निघायची.

पाहुणे पांगले होते. भांडी पडली होती, पण वहिनी म्हणाली, राहू द्या. मी माजघरात गेले, फरशीवर हात उशाशी घेऊन आडवी झाले. मोहरम यायला अवकाश होता, कुठला रंग नव्हता, अंगणातला दगड कोरडा होता, आणि तरी खांदे तसेच भरून आले होते. डोळे मिटता मिटता बाहेर पोरींचा आवाज ऐकू आला. मग वहिनीची पावलं वाजली. ती दारापर्यंत गेली आणि उंबरठ्यावर बसली.