दहा मिलिसेकंदांची चूक

“ए साइडीर डॉक्टराचो ट्रॅक जातलो,” उल्हास म्हणाला. “तुझो बी साइडीर.”

मी कानावरचा हेडफोन काढला नाही. ऐकू आलं नाही असं दाखवायला तो बरा पडतो. उल्हासने तो स्वतःच बाजूला सरकवला आणि वाक्य पुन्हा म्हटलं.

“माका कायच हरकत नाय,” मी म्हणालो.

“मगे थोबाड असां कित्याक केलंस?”

उल्हास आणि मी कणकवलीच्या शाळेत एका बाकावर होतो. तो डीजे आहे. डीजे म्हटलं की आमच्याकडे लोकांना मिरवणुकीतला ट्रक आणि त्यावरची बॉक्सांची भिंत दिसते. हा तसला नाही. तो टेक्नो वाजवतो. शब्द नाहीत, गायक नाही, चार ठोक्यांचं आवर्तन तासन्‌तास चालतं आणि त्यात एकेक आवाज हळूच येतो, हळूच जातो. ऐकणारे थोडे, पण कट्टर. त्यातलेच काही अजून काळी तबकडी विकत घेतात. त्यांच्यासाठी आम्ही दोघं ‘खाजण’ नावाचं लेबल चालवतो. लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. आमच्या कंपनीत माणसं दोन. उल्हास ट्रॅक शोधून आणतो, घ्यायचा की नाही ते दोघं ठरवतो. मी मास्टरिंग करतो, म्हणजे छापायला जाण्याआधी ट्रॅकचा आवाज तपासून, तोलून, नीट करून देतो. मुंबईत एका स्टुडिओत आयुष्याचा मोठा काळ मी हेच केलं. गावी परत आल्यावर आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीला आतून गाद्या लावल्या आणि तेच पुढे चालू ठेवलं.

आता ए साइडचं सांगतो. आमच्या रेकॉर्डला एका बाजूला एकच ट्रॅक असतो. जागा मोकळी मिळाली की आवाज जोरात कोरता येतो. दोन्ही बाजू मापाने सारख्या. पण कव्हरवर पहिलं नाव ए साइडचं, दुकानात ऐकवतात ती ए साइड, आणि डीजे पिशवीतून रेकॉर्ड काढतो तोही ए साइडसाठी. बी साइड ही पाठ असते.

माझा ट्रॅक तयार व्हायला वर्षाच्या वर काळ गेला होता. प्रत्येक आवाजाची पातळी मी आकड्यात लिहून ठरवली होती. आणि डॉक्टर म्हणजे कोण? फोंडाघाटचे गुरांचे डॉक्टर. वय माझ्याएवढंच. फोनवरचे व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर शिकलेले. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना वाटेत जीप उभी करायची, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि ट्रॅक करायचा. पोरगा असता तर म्हटलं असतं, वय आहे, वेळ आहे, पुढे काय होतंय बघू. इथे तसलीही सोय नव्हती. माझ्याच वयाचा माणूस, माझ्याहून कमी वेळात, माझ्याहून बरं करत होता. आणि ते बरं आहे हे मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. कळणं हाच माझा धंदा आहे.

त्या संध्याकाळी तो ट्रॅक स्पीकरवर चालू असताना वैशाली, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली. आमच्या संसारात ती माझ्या खोलीत जेवायला बोलवायलाच येते.

“ह्यां बरां वाजता,” ती म्हणाली. “तुमचां न्हय मां?”

“नाय.”

“वाटलांच,” म्हणाली आणि गेली.

मी दार लावून घेतलं आणि ट्रॅकमध्ये चूक शोधायला बसलो. एरवीही मी चुकाच शोधतो, पण गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी. या खेपेला हेतू वेगळा होता. किक तपासली. किक म्हणजे तो मुख्य ठोका. चोख होती. वरचे बारीक आवाज कुठे टोचतात का पाहिलं. नाही टोचले. वेग कुठे हलतो का मोजला. एकशे सव्वीस ठोके मिनिटाला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग माझ्या टेबलावरचं मोनोचं बटण दाबलं. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज एकत्र करून ऐकवणारं ते बटण.

बास गेला. कमी झाला नाही, गेलाच. ट्रॅकचा सगळा जीव ज्या खालच्या घुमणाऱ्या स्वरात होता, तो स्वरच नाहीसा झाला. उरला तो डबा वाजवल्यासारखा आवाज.

खरं सांगतो, मला इतका आनंद बऱ्याच काळात झाला नव्हता.

काय घडलं होतं ते सोपं आहे. डॉक्टर सगळं काम हेडफोनवर करायचे. हेडफोनमध्ये बास डोक्याच्या मधोमध बसतो. तो दोन्ही कानांत पसरावा म्हणून त्यांनी उजव्या बाजूचा बास दहा मिलिसेकंद उशिरा सोडला होता. डिले म्हणतात त्याला. हेडफोनमध्ये फार सुरेख लागतं ते. पण त्यांच्या बासचा स्वर होता एकोणपन्नास हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या लाटा. त्याच्या एका लाटेला साधारण वीस मिलिसेकंद लागतात. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी लाट. डावी वर जाते तेव्हा उजवी खाली येते. झोपाळ्याला दोन माणसांनी दोन बाजूंनी सारखाच जोर लावला तर झोपाळा जागचा हलत नाही, तसं. आणि रेकॉर्डवर तर त्याहून वाईट. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवं हलवतो, उलटा असलेला आवाज वरखाली उडवतो. एवढा मोठा बास उलटा कोरला तर सुई खाचेतून उडी मारून बाहेर येणार. आणि मला ते माझ्या टेबलावर सुधारता येण्यासारखं नव्हतं. बास आणि किक एकाच पट्टीत मिसळलेले, एक दुसऱ्यापासून वेगळं करता येत नाही. ज्याने केलं त्यानेच परत उघडून नीट करायला हवं.

आमच्या लेबलचा एक नियम आहे. छापायला पाठवण्याआधी ट्रॅक लोकांसमोर वाजवून बघायचा, कोणाचा आहे ते कोणालाही न सांगता; तिथे पडलेला ट्रॅक ए साइडला जात नाही. या खेपेला तो तोंडवलीच्या किनाऱ्यावर, उल्हासच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्याच्या अंगणात वाजणार होता. तिथे साउंड मंडपवाल्या बाबलचा. आणि मंडपवाल्याचा साउंड नेहमी मोनो असतो, सगळ्या बॉक्सांतून एकच आवाज. म्हणजे मी गप्प बसलो असतो तर डॉक्टरांचा ट्रॅक तिथेच आडवा झाला असता आणि ए साइड नियमाने माझी. हे मी मनात नीट मांडून पाहिलं. पण गप्प बसण्यापेक्षा तोंडावर सांगण्यात मला जास्त मजा दिसत होती.

उल्हासला फोन केला. “तुझ्या डॉक्टराच्या ट्रॅकात बास नाय.”

“काय बोलतंस! माझ्या घराची खिडकी थरथरता त्या बासान.”

“मोनोत ऐक.”

त्याने ऐकलं असावं. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. “बास खंय गेलो रे?”

“डॉक्टराक इचार.”

“तूच जा नि सांग. माका सांगूक जमाचां नाय. आणि दिन्या, नीट सांग हां. तुझो आवाज आत्ताच खुशीत आसा.”

दुसऱ्या दिवशी छोट्या स्पीकरांची जोडी पिशवीत टाकून फोंडाघाटला गेलो. दवाखान्याच्या पडवीत एक बाई शेळीला धरून उभी होती. डॉक्टरांनी मला खुर्ची दाखवली, शेळीला सुई दिली, हात धुतले आणि समोर येऊन बसले.

“बोला, दिनेशभाऊ. ट्रॅक आवडला म्हणून उल्हास सांगत होता.”

“ट्रॅक चांगला आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी वाटेत तयार करून ठेवलं होतं. “फक्त त्यात बास नाही.”

एक स्पीकर डावीकडे, एक उजवीकडे लावला. माझ्या स्पीकरांना मोनोचं बटण आहे. आधी दोन बाजूंनी ऐकवलं, मग बटण दाबलं. डॉक्टर पुढे झुकले. मी पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं. गरजेपेक्षा दोन-तीन वेळा जास्तच दाबलं. मग दहा मिलिसेकंद, एकोणपन्नास हर्ट्झ, अर्धी लाट, सुईची उडी, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते वाद घालतील. म्हणतील की माझ्या कानाला तर बरं लागतं. त्यावरची उत्तरंही माझ्याकडे तयार होती.

“म्हणजे तो बास माझ्या डोक्यातच वाजत होता,” डॉक्टर म्हणाले आणि मोठ्याने हसले. त्या बाईकडे वळून म्हणाले, “आये, ऐकलंस? इतके दिस मी नसलेलो बास ऐकतंय.”

“तुमी शेळयेचां बघा आदी,” ती म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही असता तर काय केलं असतं?”

इथे दोन उत्तरं होती. एक सोपं: बास कमी करा, सुई उडणार नाही. त्याने ट्रॅक छापता आला असता, पण अर्धमेला होऊन. दुसरं खरं: उशीर काढून टाका, बास मधोमध ठेवा, पसरायचं असेल ते वरच्या आवाजात पसरा. पहिलं उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण मी आजवर कोणाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही, आणि एका गुरांच्या डॉक्टरासाठी ती सुरुवात करायची मला लाज वाटली. दुसरं सांगितलं.

“थांबा,” ते म्हणाले. “ते बटण पुन्हा दाबा बघू.”

मी दाबलं.

“बास गेल्यावर हे वरचं किती उघडं पडतं, नाही? अंगावर कपडा नसल्यासारखं.”

मी बटण सोडलं. मला त्यात फक्त चूक ऐकू आली होती.

आठवड्याने नवी फाइल आली. डिले काढलेला, बास मधोमध, भिंतीसारखा उभा. मीटर बघायची गरजच नव्हती, तरी बघितला. आणि ट्रॅकच्या मध्यावर डॉक्टरांनी सोळा आवर्तनं खालचं सगळं काढून टाकलं होतं. जवळजवळ अर्धं मिनिट तोच डब्यासारखा, उघडा आवाज. मी त्यांना घाबरवायला जे बटण दाबून दाखवलं होतं, ते त्यांनी ट्रॅकमध्येच बसवलं होतं. मी ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावला. चूक शोधायला गेलो मी, आणि तिचं काय करायचं ते सुचलं त्यांना.

तोंडवलीला उन्हं उतरत असताना उल्हासने वाजवायला सुरुवात केली. वाळूत पन्नासेक माणसं. निम्मी पर्यटक, काही मालवणची ओळखीची पोरं, हॉटेलवाल्याची सगळी माणसं. माझा ट्रॅक आधी लागला. लोक नाचत होते, नाचत राहिले. दोघंतिघं सोलकढी घ्यायला गेली. माझ्या ट्रॅकवर कोणाची काही तक्रार नव्हती.

मग डॉक्टरांचा. बास आला तशी माणसं बॉक्सांच्या जवळ सरकली. मध्यावर खालचं सगळं गेलं. नाचणारे थबकले. एकमेकांकडे, मग बॉक्सांकडे बघू लागले. बाबल प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून धावत सुटला.

“वायर सुटली रे! खालच्या बॉक्साची वायर बघा!”

“बाबल, वायर बरी आसा, तू बस!” उल्हास मागून ओरडला.

“बरी आसा तर आवाज खंय आसा?”

बाबल बॉक्सामागे वाकून हातात वायर धरून उभा असतानाच बास परत आला. तो दचकून मागे वाळूत बसला. सगळे ओरडले, हसले आणि मग असे नाचले की हॉटेलवाला टेबलं उचलायला धावला. बाबल उठून कपडे झटकत माझ्याकडे आला.

“माझ्या हातान चालू झालो तो,” त्याने सांगितलं. मी हो म्हटलं.

डॉक्टर गर्दीच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. ट्रॅक कोणाचा ते कोणाला सांगायचं नाही, म्हणून तेही गप्प. पण चेहरा गप्प नव्हता. मी तिकडे बघायचं टाळलं आणि समुद्राकडे बघितलं.

उल्हासने मला काही विचारलं नाही. ए साइडच्या रकान्यात डॉक्टरांचं नाव मीच भरलं आणि फाइल छापायला पाठवली. कव्हरवर माझे आभार मानायचे असं डॉक्टर म्हणत होते. नको म्हणून सांगितलं. आभाराच्या ओळीत नाव आलं की माणूस मदतनीस ठरतो.

रेकॉर्ड निघाली. आमच्या मानाने पुष्कळ गेली. मग गिऱ्हाइकांचे मेल यायला लागले. मेलना उत्तर देणं माझ्याकडे असतं. बहुतेकांचा प्रश्न एकच: ए साइडला मध्येच बास जातो, माझी प्रत खराब आहे का, बदलून मिळेल का? प्रत्येकाला मी लिहितो की प्रत उत्तम आहे, कलाकाराने ते मुद्दाम केलेलं आहे, मोठ्या स्पीकरवर पुन्हा ऐकून पाहा. बरेच जण परत लिहितात की ऐकलं आणि अंगावर काटा आला. बी साइडला काही बिघाड आहे का, असं आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही.

या सगळ्यातून लेबलच्या कामात मी एक सुधारणा केली आहे. पूर्वी आलेला ट्रॅक घ्यायचा की नाही हे ठरवायला मी बऱ्याच गोष्टी तपासायचो. आता एवढंच पाहतो, की तो ऐकून मला करणाऱ्याचा हेवा वाटतो का. वाटला तर दार लावून चूक शोधायला बसतो, कारण तेवढ्या बारकाईने मी दुसरं काही ऐकत नाही. नाही वाटला तर छापत नाही.

गेल्या आठवड्यात उल्हासने तीन नवे ट्रॅक पाठवले. तिन्ही ऐकले आणि दुपारी छान झोप लागली. तिन्ही परत पाठवले.