तीन वायरी आणि राजोडीचा फेरा

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवायची, ही कल्पना माझी. बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी मी शब्द दिला, "रोज संध्याकाळी तुम्हाला राजोडीला समुद्रावर नेईन." गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं बंदच झालं होतं. ते कबूल झाले. दोन वर्षं मी शब्द पाळलाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझ्याबद्दल चांगलं काही येणार नाही.

मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीने बजावलं होतं, "खारं वारं आहे, मोटरच्या वायरींचे नट महिन्यातून एकदा बघत जा." बघत जा म्हणाला होता. मी एका रविवारी ते उघडले. हिरवा थर चढला होता. मुख्य खटका पाडला, तिन्ही जाड वायरी सोडवल्या, पॉलिश पेपरने सगळं लखलखीत केलं, आणि मग लक्षात आलं की तिन्ही वायरी नारिंगी आहेत. कुठली कुठे होती?

घाबरलो नाही. नंदाखालच्या वाडीत केळींना पाणी देत वाढलेला माणूस मी. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, काम फत्ते.

अंदाजाने जोडल्या. तोवर बाबा काठी टेकत येऊन, टोपी घालून पुढच्या सीटवर बसले होते. मी पेडल दाबलं. गाडी अंगात आल्यासारखी जागच्या जागी घुमायला लागली.

"हे काय रे?"

"दोन मिनिटं, बाबा."

दोन वायरी बदलल्या. गाडीने मागे हिसका दिला. बाबांची टोपी डोळ्यांवर आली. पुन्हा बदलल्या. तीन वायरी सहा तऱ्हांनी लागतात, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. कुठल्या तऱ्हा करून झाल्या ते आठवत नाही, हे पाचव्या. बायको चहा घेऊन आली.

"लिहून ठेवताय ना?"

मी कप खाली ठेवून पुन्हा पाना उचलला. पुढच्या खेपेला स्टिअरिंगमागचा छोटा स्क्रीन लाल झाला आणि मोटर हूं की चूं करेना.

मिस्त्रीला फोन लावला.

"काढण्याआधी फोटो काढला होता का?"

"नाही."

"जेवणाच्या ताटाचे काढता ना?" मग सुस्कारा. "आता हात लावू नका. गुरुवारी येतो. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर शाबूत असला तर बघू."

रिक्षा आणतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "रिक्षात पाय दुमडत नाहीत माझे."

सोमवारी पाच वाजता ते पुन्हा टोपी घालून गाडीत येऊन बसले. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शेजारी बसलो, स्टिअरिंगवर हात ठेवून. त्यांनी काच खाली केली. समोर आमचंच फाटक.

"हॉर्न तरी वाजतो का?"

वाजवला. वाजला.

"बरं," बाबा म्हणाले, "मग बसू जरा वेळ."