खांबेट्यांचा घडीचा बंगला

पहिल्या भेटीत माणसं नाव विचारतात, गाव विचारतात, आणि आखातात असाल तर कंपनी कोणती तेही विचारतात. खांबेटे भाऊजींनी मला विचारलं, "झोप कशी लागते?"

अजमानच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशीची ही गोष्ट. माझ्या एका हातात कांद्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात देव्हारा. लिफ्टमध्ये एक उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेले गृहस्थ शिरले, माझ्या हातातला देव्हारा बघून मराठीत सुरू झाले आणि दुसऱ्याच वाक्याला हा प्रश्न. मला वाटलं, गाद्या विकतात की काय. मी म्हटलं, "चांगली लागते." त्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि "मग बाकी सगळं होतं" असं म्हणून ते चौथ्या मजल्यावर उतरले. आम्हीही तिथेच उतरलो, कारण आमचं दार त्यांच्या दारासमोरच होतं. पुढे कित्येक वर्षं ती दोन दारं दिवसा कधी बंद झाली नाहीत.

भाऊजी गेल्या वर्षी नाशिकला वारले. त्यांच्या बायकोनेच, कुसुमवहिनींनी, फोन करून कळवलं. या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि कुसुमवहिनी काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

ते दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका कंपनीत एअर कंडिशनिंगच्या डक्टचं काम बघायचे. टॉवरचा नकाशा आला की कुठल्या खोलीत गार हवा कुठून न्यायची, गरम कुठून काढायची हे ठरवायचं त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते हवेच्या बाजूने बघत. शाळेच्या कमिटीत भांडण झालं तर म्हणायचे, "हवेला यायला वाट आहे, जायला वाट नाही, म्हणून हे." माझ्या नवऱ्याचं, सतीशचं, ऑफिसात वाजलं तेव्हा त्याचा बॉस कसा आहे हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "सतीशराव, तुमच्या केबिनला खिडकी आहे का?" मी त्यांची थट्टा करायची, आणि तीही त्यांना हवेसारखी लागायची. त्यांचं आणखी एक ठेवणीतलं वाक्य होतं, "करून बघू. बिघडलं तर बिघाड कळेल." या वाक्यापायी त्यांच्या घरातला टोस्टर, घंटी आणि शिवणयंत्राची मोटर एवढं तरी गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

पण त्या झोपेच्या प्रश्नामागचं कारण मला दोन-तीन महिन्यांनी कळलं. कुसुमवहिनींना झोप लागत नव्हती.

वहिनी भुसावळच्या. तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, जेवणं झाली की अंथरुणं वर न्यायची, खालून टेबलफॅन ओढत आणायचा आणि सगळ्या घरादाराने ओळीने झोपायचं. अजमानच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला एकच खिडकी, आणि तीही एसीने अडवलेली. एसी लावला की वहिनींचे सांधे धरायचे, बंद केला की जीव घुसमटायचा. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी एकदा घेतल्या आणि "मी मेल्यासारखी पडून होते, ती झोप नव्हे" म्हणून टाकून दिल्या. सकाळी मुलांचे डबे करताना त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. बाई मुळात हसरी, पण हसणं चेहऱ्यावर यायलाही अंगात त्राण लागतं.

अशी काही वर्षं काढून शेवटी त्यांनी ठरवलं. माझ्यासमोरच म्हणाल्या, "मार्चमध्ये मुलांची परीक्षा झाली की मी मानसी-रोहितला घेऊन भुसावळला जाते. तिथे शाळेत घालते. तुम्ही राहा इथे, नोकरी चांगली आहे." आखातात असं पुष्कळ घरांचं होतं. बाई आणि मुलं तिकडे, पुरुष इकडे, वर्षातून एक महिना भेट. मग मुलांना बाप पाहुण्यासारखा वाटू लागतो. भाऊजी मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "वहिनी, अख्ख्या दुबईला मी गार करतो. बायकोला एक रात्र झोपवता येत नाही मला." त्यांनी तिकिटं काढली. मार्चची, एकीकडची.

आणि तिकिटं काढली त्याच महिन्यात, सप्टेंबरात, ते कॅम्पर घेऊन आले.

ऑफिसातला एक इंग्रज साहेब कायमचा परत चालला होता, त्याच्याकडून घेतला. गाडीच्या मागे जोडायची एक बुटकी, चपटी पेटी. तिचं हँडल फिरवलं की छत वर उचललं जायचं, मग दोन्ही बाजूंनी दोन पलंग खणासारखे बाहेर ओढायचे, त्यांच्यावर ताडपत्रीचा तंबू ताणला जायचा आणि तंबूला चहूबाजूंनी जाळीच्या खिडक्या. मध्ये छोटं टेबल, शेगडी, वर एक दिवा. भाऊजींनी किंमत दिरहममध्ये सांगितली आणि कुणी रुपयांत करायच्या आत विषय बदलला. मी म्हटलं, "भाऊजी, फ्लॅट लहान पडतो म्हणून घडीचा बंगला घेतलात का?" तेव्हापासून त्याचं नाव घडीचा बंगलाच पडलं. वहिनींनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "जायचं ठरल्यावर हे कशाला?"

"करून बघू," भाऊजी म्हणाले.

पहिल्यांदा आम्ही दोन्ही कुटुंबं ऑक्टोबरात गेलो, रास अल खैमाच्या वाटेवर, वाळूच्या टेकड्यांमध्ये गाफची दोन-चार झाडं होती तिथे. आमचा तंबू शेजारी. ऑक्टोबर म्हणजे नावालाच हिवाळ्याची चाहूल. वारा पडलेला, हवा दमट. दिवा मधल्या टेबलावर एकच, त्यामुळे पलंगांच्या टोकांना ठार काळोख. मानसी ओरडत होती, "बाबा, आय कान्ट सी माय बुक!" रोहित पाणी शोधताना तिच्या पोटावर पडला. गादीवर काहीतरी वळवळलं असं वहिनींना वाटलं, विंचू की चादरीची सुरकुती हे दिसायला उजेड नव्हता. तासाभराने त्या खाली उतरल्या, गाडीत जाऊन बसल्या आणि चक्क एसी लावून घेतला. उघड्यावर झोपायला आणलेली बाई काचा लावून बसलेली बघून सतीशला हसू आलं. मी त्याला कोपर मारलं, कारण भाऊजींचा चेहरा मला दिसत होता.

परत आल्यावर भाऊजी कामाला लागले. सोपं सूत्र होतं: प्रत्येक पलंगाला स्वतःचा दिवा, स्वतःचा पंखा. वीज एका वेगळ्या बॅटरीवर, म्हणजे सकाळी गाडी सुरू होईल. अल क्वोजमध्ये जुन्या कॉम्प्युटरांचे सांगाडे विकणाऱ्या माणसाकडून त्यांनी आतले छोटे पंखे आणले. बॅटरीवर चालणारे, आवाज जेमतेम भुणभुणीएवढा. मोटारींच्या छताला असतात तसे पिवळे दिवे आणले. संध्याकाळी पार्किंगमध्ये ते बनियनवर, तोंडात वायर धरून, अर्धे आत अर्धे बाहेर असे दिसायचे. वॉचमन येऊन विचारायचा, "साब, खलास?" हे आतूनच म्हणायचे, "इन्शाल्ला."

आता आपल्याकडे पंखा म्हणजे डोक्यावर. इंग्रज भिंतीला लावेल, अरब एसी लावेल, पण भारतीय माणसाने पलंग बघितला की त्याची नजर वर छताकडे जाते. भाऊजींचीही गेली. आयुष्यभर डक्टचे नकाशे वाचलेल्या या माणसाने तंबूच्या आडव्या दांडीला, पलंगाच्या बरोब्बर मध्यावर, सीलिंग फॅन लावावा तसे पंखे टांगले आणि वायर पक्की बांधून टाकली. नोव्हेंबरात पुन्हा गेलो. पंखे छान फिरले, सगळे खूश. पण त्या रात्री वाळूचं वादळ उठलं आणि मध्यरात्रीच्या आत गाशा गुंडाळायची वेळ आली. घाईघाईत पलंग आत ढकलले, छत खाली घेतलं आणि आतून कडाकडा आवाज आला. घरी येऊन उघडलं तर पंख्यांची पाती मोडलेली, वायर चिरडलेली आणि ताडपत्रीला हातभर फाटलेलं. घडीच्या बंगल्याची घडी होते हेच हा माणूस विसरला होता.

भाऊजी पार्किंगच्या कट्ट्यावर बसून राहिले. "बिघाड कळेल" हे वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी आणि वहिनी वरून चहा घेऊन गेलो. वहिनींनी ती फाटलेली ताडपत्री हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"पंखा डोक्यावरच कशाला हवा?" त्या म्हणाल्या. "झोपल्यावर माणसाचे डोळे मिटलेलेच असतात. पायथ्याशी लावा की."

"पायथ्याशी कशाला अडकवणार? तिथे नुसतं कापड आहे."

"कापडाला मी खिसा शिवते. जाळीचा. पंखा आत ठेवायचा, निघताना बाहेर काढायचा. वायरला थोड्या थोड्या अंतरावर फासे घालते, म्हणजे ती लोंबणार नाही."

भाऊजी कट्ट्यावरून उठले. मग म्हणाले, "आणि स्विच?"

"उशीपाशी. हात लांब केला की सापडला पाहिजे. अंधारात शोधावा लागला तर तो स्विच कसला."

डिसेंबरभर त्यांच्या हॉलमध्ये ताडपत्री पसरलेली होती. शिवणयंत्राची मोटर भाऊजींनीच घालवलेली, त्यामुळे वहिनी हाताने चाक फिरवून शिवायच्या आणि ते दुसऱ्या टोकाला कापड धरून बसायचे. दोघं भांडायचेही मजेदार. हे म्हणायचे, "कुसुम, हवेचा अँगल चुकतोय," त्या म्हणायच्या, "अँगल तुमच्या ऑफिसात ठेवा, इथे टाका घालायचा आहे." वहिनींनी घडी घालायचा नियमही करून टाकला: आधी पंखे, मग पलंग, मग छत. मला मनातून वाटायचं, आता या जाणार नाहीत. पण फ्रिजवर चुंबकाने लावलेली तिकिटं तशीच होती, आणि वहिनी एकीकडे खिसे शिवत होत्या आणि एकीकडे भुसावळच्या शाळेत फोन करत होत्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर, परीक्षेच्या आधीचा शेवटचा मोकळा गुरुवार बघून (तिकडे सुट्टी शुक्रवारची) आम्ही पुन्हा त्याच गाफच्या झाडांखाली गेलो. या वेळी थंडी चांगलीच होती. वाळवंटातली थंडी, सूर्य बुडाला की थेट हाडात शिरणारी. आम्ही स्वेटर, कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसलो होतो. भाऊजी खट्टू झाले होते. एवढी मेहनत करून पंखे बसवले आणि आता त्यांची गरजच नाही.

जेवणं झाल्यावर वहिनी आत गेल्या. पिवळा दिवा लागला. मग बारीक भुणभुण सुरू झाली.

"अगं, पंखा कशाला?" भाऊजी बाहेरून म्हणाले. "कुडकुडशील."

"पंख्याशिवाय झोप येते का कुणाला?" आतून उत्तर आलं. "दुलई आहे ना."

मी जाळीतून बघितलं. जाळीच्या खिडक्या सताड उघड्या, पायथ्याशी पंखा चालू, आणि वहिनी दुलई डोक्यावरून घेऊन कुशीवर वळलेल्या. गच्चीवर झोपलेल्या माणसासारख्या. आमच्या कुठल्याच फ्लॅटमध्ये पंखा नव्हता. इतकी वर्षं ही बाई नुसत्या उघड्या हवेसाठी तळमळते आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तीही तेच समजत होती. हाताशी उजेड, अंगावर पांघरूण आणि कानाशी पंखा, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तर फ्लॅटमध्येही करता येण्यासारखं होतं. दिवा विझला.

सकाळी मी उठले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि भाऊजी तोंडावर बोट ठेवून कॅम्परच्या पायरीवर बसले होते. मुलांना त्यांनी टेकडीपलीकडे पिटाळलं होतं. सतीश खोकला तर त्यालाही पिटाळलं. थोड्या वेळाने एक म्हातारा अरब पिकअपमधून आला, मागे शेळ्या. भाऊजी अनवाणी त्याच्याकडे धावले. "अरबाब, प्लीज," दोन्ही हात गालाखाली जोडून ते सांगत होते, "मॅडम नौम. मेनी इयर्स, नो नौम." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, हळूच "माफी मुश्किल" (म्हणजे काही हरकत नाही) म्हणाला आणि आमच्याजवळ वाळूवर येऊन बसला. शेळ्यांच्या ओरडण्याला इलाज नव्हता. आम्ही त्याला थर्मासमधला चहा दिला. भाऊजींनी चष्मा काढला होता आणि ते तो उगीचच पुसत होते.

वहिनी उठल्या तेव्हा म्हातारा चहा पिऊन निघून गेलेला होता. वहिनींचे केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. "मला उठवलं का नाही कुणी?" म्हणून आमच्यावरच रागावल्या. मग पोटभर पोहे खाल्ले. मी त्यांना इतकं खाताना कधी पाहिलं नव्हतं.

आवराआवर सुरू झाली. वहिनींनी खिशातले पंखे काढून पिशवीत ठेवले, पलंग आत सरकवले. भाऊजी हँडल फिरवून छत खाली घेऊ लागले. अर्ध्यावर आलं असेल नसेल, पिशवीचं तोंड बांधता बांधता वहिनी म्हणाल्या,

"अहो, ती मार्चची तिकिटं रद्द करा. जुलैत जाऊ, सगळेच. जाण्यायेण्याची काढा."

प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणणाऱ्या या माणसाने मान खाली घातली आणि जोरजोरात हँडल फिरवायला लागला. ते उलटं फिरत होतं. अर्ध्यावर आलेलं छत पुन्हा वर वर जाऊ लागलं, आणि आम्ही कुणीही त्याला थांबवलं नाही.