आनंदराज सरांचे सत्कार

आमच्या आनंदराज सरांना दारूचा नाद न्हाई, पानाचा न्हाई. एकच नाद, सत्कार. कुणाची बदली झाली, सत्कार. कुणाला नात झाली, सत्कार. एकदा बोअर दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीला यांनी शाल-श्रीफळ दिलं. बिचाऱ्याचे हात ग्रीसनं भरलेले, तो शालीला हात लावंना. आणि शालींची पिशवी वागवायला कोण? मी. वैजनाथ, 'सोबत' केंद्राचा क्लार्क.

'सोबत' म्हणजे गरिबाघरच्या लेकरांसाठी विद्यापीठानं लातूरला चालवलेली जुनी योजना. सायकल स्टँडशेजारच्या खोलीत सुरू झाली, तवा नुसती मेसची कुपनं मिळायची. मग पुस्तकं आली, इंग्रजीची शिकवणी आली. मग साहेब बदलत गेले आणि योजनेवर धूळ बसली. ती झटकली केंद्रप्रमुख होऊन आलेल्या आमच्या सरांनीच, खोटं कशाला बोलू. खेडोपाडी फिरून पोरं गोळा केली माणसानं. पण मदत द्यायची तर स्टेजवर. हार, शाल, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'गरजू विद्यार्थ्यास मदतीचा हात'.

नायगावच्या बालाजीचा असाच फोटो आला. त्याची सोयरीक जमत आली होती. पोरीचा बाप कात्रण घेऊनच हजर. पोरगं गरजू हाय हे पेपरातच छापलंय, आता आम्ही येगळं काय इचारायचं, म्हणाला आणि चहा न पिता गेला. तवापासून केंद्रात चिटपाखरू फिरकंना. मी सरांना सांगितलं, तुमच्या फोटोला भिऊन पोरं पळून राहिलीत. तर सर खूश. म्हणाले, लातुरातली गरिबीच हटली, वैजनाथ. घ्या आता!

अशात जळकोटची लुंबिनी आली. बीएस्सीचं दुसरं वर्ष. बाप मजुरी करणारा, पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला. मेस मिळाली तर शिक्षण, न्हाई तर गावाकडं, इतकं सरळ. सरांनी त्याच दिवशी तिची मेस सुरू केली. मला वाटलं, चला, शहाणे झाले. कशाचं काय! पोरीला न इचारता शुक्रवारी सत्कार ठरला आणि गेटवर बॅनर लागला. त्यावर आयकार्डातला फोटो ताणून दारायेवढा केलेला, खाली 'गरजू व होतकरू कु. लुंबिनी'.

लुंबिनीनं बॅनर बघितला, खोलीवर जाऊन बॅग भरली आणि स्टँड गाठलं. तिची मैत्रीण करिश्मा सांगत आली तवा सर हार निवडून राहिले होते. हार टाकून माझ्या गाडीवर मागं बसले, आणि पळव, पळव म्हणून माझी पाठ बडवून काढली. जळकोटची एसटी हलली होती. सर चालत्या एसटीत चढले. माझी टू-व्हीलर स्टँडावर टाकून मी बी चढलो, शालींच्या पिशवीसकट.

लुंबिनी मागच्या सीटवर होती. सरांनी इचारलं, काय चुकलं आमचं?

"सर, माझे बाबा गावात ताठ मानेनं सांगतात, लेक शिकून राहिली म्हणून. त्यांनी तो बॅनर बघण्यापरीस मी मजुरीला जाईन."

कंडक्टरनं इचारलं, उतरता का तिकीट काढता. सरांनी वाटेतल्या आष्टामोडची दोन तिकिटं काढली, त्यांचं आणि माझं. मग दांडीला धरून उभ्यानंच बोलले, आणि जे बोलले ते इतकी वर्षं मला बी ठाऊक न्हवतं.

"मी ह्याच योजनेतून शिकलो, माय. तवाचा क्लार्क मागच्या खिडकीतून कुपन द्यायचा. कुणाला दिसू नको म्हणायचा. चोरून खाल्ल्यागत घास घशात अडकायचा. तवाच ठरवलं, माझ्या हातानं जे जाईल ते स्टेजवरून जाईल, हार घालून."

लुंबिनीच्या डोळ्यात पाणी आलं, पण आवाज हलला न्हाई.

"खिडकी नको सर, आणि स्टेज बी नको. दारातून द्या ना. सगळी पोरं जातात त्या दारातून."

कंडक्टर म्हणाला, पोरगी बराबर बोलली. पुढच्या सीटवरच्या आजीनं बी मान डोलवली.

आष्टामोडला सरांनी लुंबिनीची बॅग उचलली आणि आम्ही तिघं उतरलो. सरांनी तिथूनच वॉचमनला फोन लावला. बॅनर काढ म्हणाले. नीट घडी घालून ठेव म्हणाले. लुंबिनीकडं बघितलं आणि म्हणाले, न्हाई, फाडून टाक.

लातूरची गाडी येईस्तोवर भजी घेतली. लुंबिनी पोटभर खाऊन राहिली होती. सरांचा भज्यांचा कागद तसाच हातात. तिच्याकडं बघत हळूच मला म्हणाले, "वैजनाथ, मला बी दारच पायजे होतं रे."